मी नाही म्हटलं नाही

ही गोष्ट मी कोणाला सांगितलीच नव्हती. बायकोला नाही, मित्रांना नाही, देवापुढेही नाही. देवापुढे तर मी नेहमी दुसरंच काहीतरी पुटपुटून उठायचो. आता ती दोन माणसांना सांगून झाली आहे. ती कोण, ते पुढे येईलच. तुम्ही तिसरे. बसलाच आहात तर जरा दम धरा, कारण एकदम मुद्द्यावर यायला मला जमत नाही. सगळी नोकरी आर्णीच्या शाळेत मुलांना ‘उत्तर थोडक्यात लिहा’ म्हणण्यात गेली, आणि स्वतःचं उत्तर द्यायची वेळ आली तर — बघा, इथेच मी अडखळलो.

आधी सोपं ते कबूल करतो. मी चोरून पोहे खात होतो.

हसू नका. म्हणजे हसा, हसण्यासारखंच आहे. हे पोहे माझ्या मुलाच्या दुकानातले होते, आणि त्या धंद्यातला घास या तोंडात जाणार नाही असं मी त्याला भर अंगणात, शेजारीपाजारी ऐकतील अशा आवाजात सांगितलेलं होतं. असं सांगितल्यावर माणसाने निदान ते पाळावं ना? मी वर्षभरातच मोडलं. आणि मग वर्षानुवर्षं मोडत राहिलो — इतक्या आनंदानं, की काय सांगू.

माझा मुलगा प्रशांत. एकुलता एक. मी मास्तर, माझे वडील अण्णासाहेब मास्तर, तर प्रशांतनंही मास्तरच व्हायचं, हे मी त्याच्या बारशालाच ठरवून टाकलं असावं. त्याने बिचाऱ्याने डी.एड. केलं. मुकुटबनला एका खाजगी शाळेत वर्षभर शिकवलंही. मग एक दिवस पिशवी खांद्याला लावून घरी आला आणि म्हणाला, “बाबा, मले शिकवता येत नाही. माह्या तासाले पोट्टे झोपतात. पन डबा उघडला का सारे भोवती गोळा होतात.”

आज हे वाक्य आठवलं की मला हसू आवरत नाही. तेव्हा मी त्याच्याकडे असं पाहिलं होतं, जणू घरात चोर शिरलाय.

कारण डब्याचं खरं होतं. पोराच्या हातात काहीतरी होतं. मुकुटबनला खोलीवर एकटा राहून तो स्वयंपाक शिकला आणि पोह्यांवर ओतायची तर्री — तो लालभडक, तिखट, चण्यांचा रस्सा — अशी करायला लागला, की त्याच्या आईने पहिल्यांदा चाखली तेव्हा तिने वाटी पुन्हा पुढे केली. मी मात्र खोलीत पेपर वाचत बसलो होतो. वास येत होता. पेपरातलं एक अक्षर कळत नव्हतं. तरी बसून राहिलो.

त्याने बसस्टँडजवळ हातगाडी लावली. जागा होती बाबारावच्या बंद दुकानासमोरची. बाबाराव माझा लहानपणापासूनचा मित्र, माझा रोजचा संध्याकाळचा अड्डा त्याच्याच घरी. आणि गाडीला लागूनच सलीमचं मोटरसायकल दुरुस्तीचं गॅरेज.

सलीमबद्दल सांगायला हवं. सलीम आणि प्रशांत एकाच बाकावर बसून शिकले — माझ्याच वर्गात. एकाला शिक्षा केली की दुसरा आपणहून उभा राहायचा. मला त्याचा रागही यायचा आणि आतून बरंही वाटायचं. सलीम दहावीनंतर वडिलांच्या गॅरेजात गेला, प्रशांत शिकत राहिला, पण दोस्ती तशीच. गाडी लावायचं ठरलं तेव्हा तिची चाकं सलीमने बसवली, पत्रा त्याने ठोकला, वरचं छत त्याने वेल्डिंग केलं. पहिली प्लेट त्याने खाल्ली. मला हे सगळं ठाऊक आहे, कारण मी तेव्हा रस्त्याच्या पलीकडे औषधाच्या दुकानात डोकेदुखीची गोळी घ्यायच्या निमित्ताने उभा होतो.

डोकं दुखत नव्हतं. पाहायला गेलतो.

आणि काय पाहिलं? पोरगा खुश होता. कपाळावर घाम, खांद्यावर पंचा, हात झपाझप चाललेले, आणि तोंड असं फुललेलं, की शाळेत बक्षीस घेतानाही मी त्याला तसं पाहिलं नव्हतं. अशा वेळी बापाने काय करायला हवं होतं? रस्ता ओलांडायला हवा होता. एवढंच. दहा-पंधरा पावलांचं काम. पण समोरच्या बाकड्यावर माझे दोन जुने विद्यार्थी खात बसले होते, आणि प्रशांत वाकून त्यांच्या उष्ट्या प्लेटा उचलत होता. मी गोळी खिशात टाकली आणि घरी आलो. त्याच संध्याकाळी अंगणात ते वाक्य बोललो — घास जाणार नाही वगैरे.

त्यानंतर आमचं बोलणं संपलं. म्हणजे घरात राहायचो, एकमेकांना ओलांडून जायचो. जे काही बोलायचं ते त्याच्या आईच्या मार्फत. “बाबांले म्हना, गॅस संपला.” “त्याला म्हणावं, मला ऐकू येतं.” असं. ती मधे उभी राहून दोघांकडे आळीपाळीने बघायची. एकदा ती म्हणाली, मले आता पगार द्या, मी पोस्टात लागली असं वाटून राह्यलं.

आता मी जवळ आलोय. तुम्हाला वाटलं असेल, हीच कबुली — बाप हट्टी होता, पोराशी बोलत नव्हता. नाही. हट्टी बाप गल्लोगल्ली आहेत. मी त्याच्यापुढची पायरी उतरलो.

गाडी चालायला लागली होती. सकाळी गर्दी व्हायची. लोक मला रस्त्यात थांबवून सांगायचे, “गुरुजी, पोरानं नाव काढलं.” मला ते टोचायचं. काहून टोचायचं? मी स्वतःला खूपदा विचारलंय. मला वाटतं, मी त्याच्या पडण्याची वाट पाहत होतो. तो पडेल, माझ्याकडे येईल, मी त्याला उचलेन आणि पुन्हा एखाद्या शाळेत चिकटवेन — असं सगळं मनात तयार होतं. आणि तो पडतच नव्हता.

मग एका संध्याकाळी बाबारावच्या ओट्यावर बसलो असताना मी त्याला म्हणालो, तुझ्या दुकानासमोरून त्या गाडीला उठव. बाबाराव चमकला. म्हणाला, अरे, पोरगा तुझा आहे. मी म्हणालो, म्हणूनच सांगतो. उठवलंस तर ठिकाणावर येईल. आणि माझं नाव घेऊ नकोस. बाबारावला ते पटलं नाही. पण आमची मैत्री अशी होती, की मी काही मागितलं आणि त्याने नाही म्हटलं असं कधी झालं नव्हतं. माझ्या आयुष्यात त्याने एकदाच नाही म्हणायला हवं होतं. बघा — पुन्हा मी दुसऱ्याकडे बोट दाखवलं. त्याने नाही. मी.

दोन दिवसांनी त्याने प्रशांतला जागा खाली करायला सांगितली. कारण दिलं, आजूबाजूच्यांची कुरकुर आहे.

त्या दुपारी प्रशांत घरी आला, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा सरळ माझ्यासमोर येऊन उभा राहिला. डोळे लाल. झालं होतं असं, की त्याच आठवड्यात त्याची आणि सलीमची बाचाबाची झाली होती. पोहे खायला येणारे लोक आपल्या गाड्या गॅरेजच्या तोंडावर लावून ठेवायचे, सलीमला काम करायला जागा उरायची नाही. सलीम रागात बोलून गेला होता, की एक दिवस बाबारावकाकालेच सांगतो. दोस्तांची भांडणं असतात तसं भांडण. संध्याकाळी दोघं एकाच कपातून चहा प्यायलेही असतील.

पण आता प्रशांत माझ्यासमोर उभा होता आणि विचारत होता, “बाबा, तुमी रोज बाबारावकाकाकडं बसता. सलीमनंच सांगतलं नं त्याले?”

मी जेवत होतो. तोंडात घास होता. तो घास मी किती वेळ चावला कोण जाणे. मग म्हणालो, “मी काय सांगू? जग असंच असतं.”

झालं. हीच ती गोष्ट.

मी सलीमचं नाव घेतलं नाही, हे खरं आहे. मी फक्त नाही म्हटलं नाही. बरीच वर्षं मी या दोन वाक्यांच्या मधल्या फटीत राहिलो. अडचणीची जागा, पण सवय होते.

प्रशांत तसाच गेला आणि गॅरेजसमोर उभं राहून सलीमला नको ते बोलला. त्याच्या घरच्यांवरून बोलला. सलीमने शपथा घेतल्या म्हणे. प्रशांतने ऐकलं नाही. का ऐकेल? त्याला त्याच्या बापाने सांगितलं होतं ना, जग असंच असतं म्हणून.

आणि आता गंमत ऐका, कारण या गोष्टीत सुख फार आहे. मी काय करू, ते माझ्या लायकीचं नव्हतं तरी माझ्या घरात येऊन बसलं. गाडी उठली ती यवतमाळ रोडवर गेली. तिथे येणाऱ्याजाणाऱ्या गाड्या थांबायला लागल्या. गाडीची टपरी झाली, टपरीचं पक्कं दुकान. प्रशांतचं लग्न झालं, सूनबाई अशी आली की गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावरून तिखट किती ते ओळखते. दुकानात बसायला जागा मिळत नाही. पोरगा पडलाच नाही. मी त्याला ढकललं, आणि तो वरच गेला.

बाबाराव सकाळी फिरायला म्हणून त्या बाजूला जायचा आणि येताना पुडा घेऊन यायचा. त्याच्या मागच्या अंगणात, कडुलिंबाखाली, आम्ही दोघं म्हातारे दार लावून खायचो. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बाबारावला वाटलं, तिखट लागलं. तिखट होतंच. पण ते अण्णासाहेब मास्तरांच्या नातवानं केलेलं होतं, माझ्या पोरानं केलेलं होतं, आणि त्याच्यासारखं मी उभ्या जन्मात खाल्लं नव्हतं. मी पुड्याचा कागद चाटला. खोटं कशाला बोलू? चाटला.

घरी प्रशांत आईला सांगायचा, बाबांनी माह्या हातचं खाल्लं नाही याचंच वाईट वाटते. ती ऐकून घ्यायची. माझ्या शर्टावरचे तर्रीचे डाग तीच धूत होती, पण तिने ब्र काढला नाही.

बाबाराव गेल्या वर्षी गेला. माझा पुडा बंद झाला. मित्र गेल्याचं दुःख होतंच, ते सांगत नाही, ते माझं आहे. पण सकाळ झाली की मी अंगणात येरझाऱ्या घालायचो आणि बायको खिडकीतून पाहायची. शेवटी एका सकाळी तिने साडी बदलली, पदर खोचला आणि मला अक्षरशः हाताला धरून दुकानात नेलं. गर्दी होती. तिने मला मधल्या टेबलावर बसवलं आणि काउंटरवरच्या प्रशांतला सगळ्यांसमोर म्हणाली, “तुह्या बापाले एक प्लेट दे. इतके वर्सं बाबारावच्या घरी लपून खाल्ली, आता मोऱ्हं बसून खाऊ दे.”

प्रशांतला आधी कळलंच नाही. मग कळलं. मग तो असा हसायला लागला, की हातातला झारा खाली ठेवून त्याला पोत्यावर बसावं लागलं. सूनबाई हसली, गिऱ्हाइकं हसली, माझे जुने विद्यार्थी हसले, मीही हसलो — रडतही होतो, पण तर्रीमुळे ते खपून गेलं. त्याने प्लेट स्वतः आणली. माझ्यासमोर बसला. मी दोन प्लेटा खाल्ल्या. माझ्या आयुष्यात मी इतका सुखी कधी होतो, मला आठवत नाही.

आणि तेव्हाच तो म्हणाला, अगदी सहज, माझ्या ग्लासात पाणी ओतता ओतता, “बाबा, तुमी जे बोलले, थे तोंडावर बोलले. माह्या पाठीमागं तुमी काही केलं नाही. त्या सलीमसारखं नाही.”

मी हो म्हणालो का? नाही. मान हलवली का? तेही आठवत नाही. पण नाही म्हटलं नाही. पुन्हा.

त्यानंतर काही दिवस मला पोहे गोड लागेनात. प्रशांत रोज समोर बसायचा, गप्पा मारायचा, इतक्या वर्षांचं साचलेलं बोलायचा. जे सुख मी मागत होतो ते माझ्या ताटात होतं. आणि सलीम? सलीम अजून तिथेच, त्याच गॅरेजात. माझी स्कूटर दिसली की अजूनही हातातलं काम टाकून उठायचा, “या सर, हवा पाहून देतो” म्हणायचा. प्रशांतच्या लग्नाला आम्ही त्याला बोलावलं नव्हतं. बायकोने विचारलं होतं, सलीम काहून नाही? प्रशांत म्हणाला, त्याचं नाव या घरात नको. मी त्याचा मास्तर. माझ्या नावाने मी त्याला बोलावू शकलो असतो. मी अक्षता पाखडत बसलो.

एका मंगळवारी दुपारी दुकान रिकामं होतं तेव्हा मी आत भटारखान्यात गेलो आणि प्रशांतला सांगितलं. सगळं. उभ्यानंच. तो कांदा चिरत होता, थांबला.

“बाबारावकाकाले तुमी सांगतलं होतं?”

“हो.”

“अन् सलीमचं नाव?”

“ते मी घेतलं नाही. तू विचारलंस. मी नाही म्हटलं नाही.”

त्याने सुरी खाली ठेवली. मग म्हणाला, “म्हंजे घेतलंच नं, बाबा.”

माझी इतक्या वर्षांची फट त्याने एका वाक्यात बुजवली. गॅस बंद केला, हात धुतले, बाहेर जाऊन मोटरसायकल काढली. मला वाटलं, आता हा एकटाच जाणार. पण मागे वळून म्हणाला, “तुमी बी चाला. थे तुमच्या तोंडून पाह्यजे.” मी मागे बसलो. आख्खा रस्ता त्याची पाठ माझ्या डोळ्यांसमोर होती.

गॅरेजात सलीम एका गाडीचं इंजिन उघडून बसला होता. दोन गिऱ्हाइकं होती, त्याचा भाऊ होता. प्रशांतला पाहून तो उठला नाही. मला पाहून उठला. आणि मी त्या सगळ्यांसमोर सांगितलं — बाबारावला मी सांगितलं होतं, तू नाही. आणि तुझ्यावर आळ आला तेव्हा मला माहीत होतं आणि मी गप्प बसलो.

सलीम एका फडक्याला हात पुसत राहिला. हात काळेच राहिले. मग हळू म्हणाला, “सर, याच्या लग्नाच्या दिवशी मी अठीच बसून होतो. नवा कुडता घालून. वाटलं, पोट्टा ऐन टायमाले तरी येईन घ्याले. वरात समोरून गेली.”

 प्रशांत एक पाऊल पुढे आला. मग सलीम त्याच्याकडे वळला. “अन् तू बे? हा बाप आहे, बापाचं ऐकलं, ठीक. पन मी शपथ घेतलती नं? माह्या तोंडाकडं एक डाव पाह्यता नाही आलं?” आणि ग्रीसने भरलेल्या फडक्यासकट दोन्ही हातांनी त्याने प्रशांतला छातीवर ढकललं. पांढऱ्या शर्टावर दोन काळे पंजे उमटले. प्रशांतने ते खाली वाकून पाहिले. सलीमनेही पाहिले. आणि कोण आधी हसलं मला सांगता येणार नाही, पण दोघं एकमेकांच्या गळ्यात पडून असे हसायला आणि रडायला लागले, की रस्त्यावरचे लोक थांबून पाहू लागले.

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. सलीमने हात वर केला.

“सर, तुमच्याशी मी मंग बोलन. आज मले याच्याशी बोलू द्या.”

मी पायी घरी आलो. बाजारातून येताना मागून प्रशांतचं हसू ऐकू येत होतं — ते बारीक, किंचाळल्यासारखं, चौथीतल्या पोराचं हसू. मोठा झाल्यावर त्याचं ते हसू कुठे गेलं, याचा मी कधी विचारही केला नव्हता. त्या दिवशी दुकान पुन्हा उघडलंच नाही. गिऱ्हाइकं घरापर्यंत विचारायला आली, आणि बायको दारात उभी राहून प्रत्येकाला सांगत होती, आज बंद आहे, आज माह्या पोराले सुट्टी आहे. मी आत बसून ऐकत होतो आणि मला आनंद होत होता. माझा त्यावर हक्क होता का? नव्हता. तरी झाला.

आता सलीम रोज सकाळी दुकानात येतो. दोघांचा आवाज बाहेर रस्त्यापर्यंत येतो, शिव्या आणि हसणं मिळून. सलीमची मुलं माझ्या नातीसोबत खेळतात. प्रशांत मला प्लेट आणून देतो, बोलतोही, पण समोर बसत नाही. सलीम मला पाहून मान हलवतो. त्याचं ते ‘मंग’ अजून आलेलं नाही.

प्रशांत माझा मुलगा. सलीम माझा विद्यार्थी. दोघांचाही माझ्या शब्दावर विश्वास होता. प्रशांतने मला विचारलं, मला खरं माहीत होतं, आणि मी घास गिळून जेवत राहिलो.